जांभळाचं बी थांबत नाही

पहाटे पावणेसहा. जून लागला. फिरायला निघालेली मंडळी दुर्गा टेकडीकडे झपझप चाललीत आणि मी प्राधिकरणातल्या रस्त्यांवर जांभळं वेचतोय. एकाच झाडाखाली पिशवी भरली असती, तरी पाच-सहा झाडं हिंडतो. सगळी रोपं एकाच आईची असली की एखादा रोग सगळ्यांनाच धरतो.

साडेसात. चाकणच्या कंपन्यांच्या बस सुटल्या. निवृत्तीआधी मीही त्यातच असायचो, आता नर्सरी. गर काढून, बिया धुऊन आजच पिशवीत. जांभळाचं बी वाळलं की मेलं. थंड, कोरड्या बीजपेढीत ठेवायची युक्ती इथे चालत नाही. जांभूळ जपायचं तर उभं झाडच जपावं लागतं. २०२१ पासून राज्याच्या कायद्यात पन्नाशी ओलांडलेल्या झाडाला प्राचीन वृक्षाचा मान आहे, त्याचं मोल मला या बियांपाशी कळतं.

नऊ. बहाव्याचं उलटं. त्याचं बी खुशाल थांबतं, उगवायलाच राजी नसतं. टणक कवच पॉलिश पेपरवर घासायचं, मग रात्रभर पाण्यात. कंपनीतल्या टूलरूमचा हात इथे उपयोगी पडतो.

अकरा. माती, शेणखत, पिशव्या. कंबर.

दुपारी एक. एका कंपनीचा फोन. “काका, पाच जूनला ५०० झाडं हवीत. एकसारखी, पटकन वाढणारी.” पटकन वाढतं म्हणूनच वन खात्यानं पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प लावलं. टेकड्या हिरव्या झाल्या खऱ्या, पण त्याच्या दाटीत आपलं गवत नि झुडपं मागे पडली. मी वारस, मेडशिंगी, मोई, हिवर अशी सरमिसळ सुचवली. “साहेबांना विचारून सांगतो.”

चार. त्याच कंपनीची जागा बघायला तळेगावच्या बाजूला. उघडा गवताळ माळ, त्यावर खड्ड्यांसाठी फक्कीच्या खुणा. चंडोल घरटं करतो ते जमिनीवर, गवताच्या आडोशाला. झाडांची सावली पडली की त्याचं घर गेलं. “इथे झाडं नकोत,” म्हणालो. रोपं विकणारा असं म्हणतो याचं सगळ्यांना हसू आलं. निम्मे खड्डे कुंपणाकडे सरकले. निम्मेच.

सात. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेच्या समितीला लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलंय. माझी वही साधी, दोनशे पानी: कुठलं झाड, कधी फुललं, कधी पिकलं. कोपऱ्यावरच्या जांभळाला यंदा फळ कमी. शेजारी इमारतीचा पाया खणताहेत. मुळं तोडलीत का, उद्या सुपरवायझरला गाठून विचारायचंय.