छायाचित्र : काढावे कसे, पाहावे कसे

'छायाचित्र' हा शब्द आपण नेहमी वापरतो. पण त्याच्या अर्थाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. युरोपीय भाषांत या कलेला जे नाव मिळाले, त्याचा अर्थ 'प्रकाशाने केलेले लेखन' असा आहे. मराठीने मात्र आपल्या शब्दात छायेला स्थान दिले. दोन्ही नावे सार्थ आहेत. नुसत्या प्रकाशाने चित्र होत नाही, की नुसत्या छायेनेही होत नाही. दोहोंच्या मेळातून ते होते. हा मेळ साधणे म्हणजे छायाचित्र काढण्यास शिकणे, आणि तो साधला की नाही हे ओळखणे म्हणजे छायाचित्र पाहण्यास शिकणे. यांतील दुसरी विद्या फारसे कोणी शिकत नाही; परंतु तिच्यावाचून पहिली पुरी होत नाही.

कॅमेरा म्हणजे काय, हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहा. भर उन्हाच्या वेळी एका खोलीची दारे-खिडक्या घट्ट लावून घ्या. दाराला कोठे बारीकसे छिद्र असेल, तर त्याच्यासमोर एक पांढरा कागद धरा. थोड्या वेळाने डोळे अंधाराला सरावले, म्हणजे बाहेरचे अंगण, झाड आणि आकाश त्या कागदावर अंधुक उमटलेले दिसेल; मात्र ते उलटे असेल. प्रकाशकिरण सरळ रेषेत जातात. झाडाच्या शेंड्याकडून आलेला किरण छिद्रातून शिरून खाली जातो व बुंध्याकडून आलेला वर जातो, म्हणून हे चित्र उलटे पडते. 'कॅमेरा' या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही 'खोली' असाच आहे. आपल्या हातातील कॅमेरा ही एक इवलीशी अंधारी खोलीच होय. तिच्या छिद्रावर भिंग बसवलेले असते आणि प्रकाश किती वेळ आत घ्यावयाचा, हे ठरवणारी एक झडप असते.

या झडपेचा हिशेब गमतीचा आहे. समजा, एक मुलगा सेकंदाला पाच मीटर या वेगाने तुमच्यासमोरून आडवा धावत आहे. झडप सेकंदाचा तिसावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात तो सुमारे सतरा सेंटिमीटर पुढे जातो व चित्रात पुसट दिसतो. तीच झडप सेकंदाचा पाचशेवा भाग उघडली, तर तो केवळ एक सेंटिमीटर सरकतो. त्यामुळे चित्र स्पष्ट येते. मग झडप नेहमी अशीच झटकन का मिटू नये? कारण तेवढ्या अल्प वेळात प्रकाश फारच थोडा मिळतो. तो वाढवण्यासाठी छिद्र मोठे करावे, तर एकाच अंतरावरील वस्तू रेखीव येते आणि तिच्या पुढचे-मागचे अस्पष्ट होते. म्हणजे येथे प्रत्येक लाभासाठी काहीतरी सोडावे लागते. आज मोबाइलमधील कॅमेरा हा हिशेब स्वतःच करतो. परंतु तुमच्या मनात काय दाखवावयाचे आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते तुम्हांलाच ठरवावे लागते.

आता प्रकाशाच्या दिशेचा विचार करू. पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील कामथडी हे गाव पुणे-सातारा रस्त्यावर, नसरापूरच्या परिसरात वसले आहे. या मुलखात पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगा आहेत, आणि त्याच दिशेला शिवछत्रपतींची पहिली राजधानी, राजगड, उभा आहे. कामथडीच्या बाजूने गडाकडे जाताना एखाद्या मोकळ्या टेकाडावरून सकाळी त्याचे चित्र काढले, तर सूर्य तुमच्या पाठीशी असतो. गडाच्या पूर्वेस पसरलेली सुवेळा माची, कडे व घळी उजळून निघतात. दुपारी ऊन माथ्यावर येते, सावल्या आखूड होतात आणि डोंगर सपाट भासू लागतो. सायंकाळी सूर्य गडामागे कलला, की गड काळा पडतो. पण त्याची आकाशावरची किनार सुरीने कापल्यासारखी स्पष्ट होते. गड तोच, जागा तीच, कॅमेराही तोच. तरी चित्रे मात्र तीन. म्हणून नवशिक्याने कळ दाबण्यापूर्वी सूर्य कोठे आहे, हे प्रथम पाहावे.

दुसरी गोष्ट चौकटीची. आपला डोळा सभोवार पाहतो. कॅमेरा मात्र चार कडांच्या आतलेच पाहतो. त्यामुळे चौकटीत काय घ्यावे, याइतकेच काय वगळावे, हेही महत्त्वाचे असते. चौकटीचे उभे तीन व आडवे तीन समान भाग कल्पावेत आणि मुख्य वस्तू त्या रेषांच्या छेदाजवळ ठेवून पाहावी. चित्र बहुधा अधिक जिवंत वाटते. क्षितिज तिरपे होऊ देऊ नये. डोंगराची उंची दाखवावयाची असेल, तर पायथ्याशी एखादा माणूस किंवा बैल येऊ द्यावा, म्हणजे पाहणाऱ्याला तुलनेस आधार मिळतो. हे नियम पाळून पाहावेत, आणि ते का आहेत हे कळल्यावर प्रसंगी मोडूनही पाहावेत.

एवढे शिकले म्हणजे विद्यार्थी पुष्कळ चित्रे काढू लागतो. पण ती चांगली की वाईट, हे त्याला कोणी सांगावे? पूर्वी हा प्रश्न अधिकच अवघड होता. दागेर या फ्रेंच गृहस्थाची छायाचित्रणाची कृती १८३९ साली जाहीर झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. विद्वान म्हणून विख्यात असलेले डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयाचा वर्ग निघाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील आरंभीचे नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार झाले. काचेवर चित्र घ्यावयाचे, तर त्या काळी काचेला स्वहस्ते रसायन लावावे लागे, ते ओले असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधारात नेऊन ते धुवावे लागे. एक चूक झाली, की सारा खटाटोप वाया जाई. म्हणून ती मंडळी कळ दाबण्यापूर्वी आणि चित्र झाल्यानंतरही ते बारकाईने पाहत. आज शंभर चित्रे क्षणात निघतात. पण त्यांतील एकाकडे तरी आपण शंभर क्षण पाहतो का?

वर्गात एकमेकांची चित्रे पाहावयाची झाल्यास एक रीत ठेवावी. चित्र सर्वांसमोर मांडावे आणि ते काढणाऱ्याने प्रथम गप्प बसावे. कारण चित्र जेथे जाईल तेथे त्याचा कर्ता समजावून सांगण्यास बरोबर जात नाही. त्याने आपले आपणच बोलले पाहिजे. पाहणाऱ्यांनी आधी केवळ काय दिसते ते सांगावे. मग डोळा प्रथम कोठे जातो, ते सांगावे. त्यानंतर गुण, मग दोष, आणि दोषाबरोबर त्याचे कारण व उपाय. समजा, भातलावणी करणाऱ्या बाईचे चित्र आहे. 'छान आहे' किंवा 'जमले नाही' असे म्हटल्याने कोणीच काही शिकत नाही. परंतु 'खाचरातील पाण्यात पडलेले तिचे प्रतिबिंब सुंदर आले आहे. मात्र मागचा विजेचा खांब तिच्या डोक्यातून उगवल्यासारखा वाटतो. दोन पावले डावीकडे सरकले असते, तर तो टळला असता,' असे म्हटले, तर बोलणाराही शिकतो व ऐकणाराही. टीका चित्रावर असावी, चित्र काढणाऱ्यावर नसावी. आणि ऐकणाऱ्यानेही लगेच सबबी सांगू नयेत. खांब दिसतो तो दिसतोच.

सर्वांचे बोलून झाल्यावर मात्र कर्त्याला विचारावे, 'तुला काय दाखवावयाचे होते?' या प्रश्नावाचून न्याय होत नाही. सायंकाळच्या चित्रात राजगड काळा आला, हा गुण की दोष? तट व बुरूज दाखवावयाचे असतील, तर दोष. गडाचा रुबाबदार आकार दाखवावयाचा असेल, तर तोच गुण. धावणाऱ्या मुलाची पुसट आकृती एका चित्रात चूक ठरते, तर दुसऱ्यात तीच वेगाचा भास करून देते. हेतू आणि परिणाम यांची गाठ पडली की नाही, हेच परीक्षकाने पाहावयाचे असते.

आणखी एक कसोटी आहे, आणि ती सर्वांत कठीण आहे. चित्रातील माणसाला ते चित्र पाहून काय वाटेल? झाडाला वा डोंगराला विचारावे लागत नाही. पण माणसाचे चित्र काढण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी. चिखलात पाय घसरून पडलेल्या सोबत्याचे चित्र प्रकाशाने व रचनेने निर्दोष असू शकेल. परंतु ते शाळाभर फिरले, तर त्याचा दिवस काळा होतो. असे चित्र चांगले म्हणता येणार नाही. हातातील यंत्र आपल्याला दुसऱ्यावर एक प्रकारची सत्ता देते. ती सत्ता सौजन्याने वापरणे, हाही छायाचित्रणाचा पाठच आहे.

शेवटी एक उद्योग सुचवितो. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली लोकांपुढे आणला. त्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा एका जागी ठेवून, ठरावीक काळाने त्याचे एकेक चित्र घेतले. महिन्याभराहून अधिक काळ त्यांनी हे काम चालवले, आणि अंकुर फुटून वेल वाढण्याची ती सारी क्रिया पडद्यावर थोड्या वेळात दिसली. तुम्हीही गावाजवळचे एक भातखाचर निवडा. आषाढातील लावणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला, त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच दगडावर उभे राहून एक चित्र घ्या. मग ती सारी चित्रे ओळीने मांडून वर्गात वर सांगितलेल्या रीतीने पाहा. पहिल्या चित्रापेक्षा शेवटचे चित्र चांगले आले असेल, तर पीक वाढले तशी तुमची दृष्टीही वाढली, असे खुशाल समजा.