विस्मृतीचा रोग आणि मेंदूतील रक्तवाहिन्या

स्मृती लोपून मरण पावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूचे निरीक्षण जर्मन डॉक्टर अलॉइस आल्झायमर यांनी १९०६ साली मांडले. मज्जापेशींबाहेर एका द्रव्याचे साठे व पेशींच्या आत तंतूंचा गुंता दिसला. मोठ्या रक्तवाहिन्याही कठीण झाल्या होत्या. साठे अमायलॉइड या प्रथिनाचे व गुंता टाउ या प्रथिनाचा, हे पुढे कळले.

शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेल्या मेंदूस सुमारे २० टक्के प्राणवायू लागतो. तो रक्तवाहिन्या पुरवितात. अमायलॉइडचा काही भागही त्यांच्याच वाटेने बाहेर पडतो. वाहिन्या बिघडल्या, की पोषण घटते व प्रथिन साचते. साचलेले प्रथिन उलट वाहिन्यांच्या भित्ती दुबळ्या करते.

म्हणून मध्यम वयापासूनच रक्तदाब आटोक्यात ठेवावा. त्याने रोग टळेलच असे नव्हे. परंतु स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होतो.