दोन नार्वे, मधे एक नदी : फेरीबोटीच्या वाटेवरचं देऊळ आणि चर्च

डिचोली तालुक्यातल्या नार्वे धक्क्यावरून फेरीबोटीत चढलं की थोड्याच वेळात समोरचं दिवाडी बेट येतं. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. गंमत म्हणजे पलीकडे उतरतो त्या जागेचं नावही नार्वेच. अलीकडचं नार्वे डिचोली तालुक्यात, पलीकडचं तिसवाडीत. एकाच नावाची दोन गावं कशी झाली, हे रोज फेरीने ये-जा करणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक असतं असं नाही.

मूळ नार्वे बेटावरचं

सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख सापडतो, यावरून या ठिकाणाचा मान किती मोठा होता ते कळतं. चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी देऊळ पाडलं. पुढे विजयनगरचा माधव मंत्री याने ते परत उभं केलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात ते पुन्हा पाडलं गेलं. जुन्या जागी आज कोटीतीर्थाची तळी आणि काही अवशेष उरलेत. देवळातलं लिंग काही काळ विहिरीवर पाणी ओढण्यासाठी वापरत होते, असं जुने लोक सांगतात.

नदी म्हणजे सरहद्द

देव लांब कुठे न नेता फक्त नदीपलीकडे का नेला? याचं उत्तर त्या काळच्या राज्यांच्या हद्दीत आहे. बेट पोर्तुगीजांकडे होतं, पण समोरची डिचोली नव्हती. तिथे आदिलशाही अंमल होता. म्हणजे आज आपण जी नदी बोलता बोलता ओलांडतो, ती तेव्हा दोन राज्यांमधली सरहद्द होती. इकडे पूजेला बंदी, तिकडे मोकळीक. भाविकांनी लिंग होडीतून पलीकडे आणलं, आणि देवाबरोबर गावाचं नावही नदी ओलांडून आलं. दिवाडीतला गणपतीही असाच बाहेर गेला. तो आज खांडोळ्यात आहे.

पुढे डिचोली छत्रपती शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. नव्या नार्वेतल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा त्यांनी १३ नोव्हेंबर १६६८ रोजी दिली. तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. पोर्तुगीजांच्या अगदी समोर, नदीच्या काठावर हे काम झालं, हे लक्षात घ्यायला हवं. डिचोली पोर्तुगीजांकडे गेली ती नंतर, अठराव्या शतकात. अलीकडे राज्य सरकारने देवळाचं जतनाचं काम केलं आणि २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं.

टेकडीवरची इगर्ज

आता बेटावर परत येऊ. पिएदाद गावातल्या टेकडीवर पांढरंशुभ्र चर्च दिसतं. गावची माणसं त्याला इगर्ज म्हणतात. हे अवर लेडी ऑफ पिएदाद, म्हणजे करुणामयी माऊलीचं चर्च. आजची इमारत अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. तिचा आराखडा आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोव्याच्याच पाद्रीने केला, असं मानतात. म्हणजे पोर्तुगीज थाटाच्या या इमारतीमागेही इथल्याच माणसाचं डोकं आहे.

चर्चजवळच्या दफनभूमीत एक छोटं कपेल आहे. त्याच्या छताचं कोरीव दगडी काम कदंबांच्या काळातल्या देवळाचं आहे, असं जाणकार सांगतात. एका धर्माचा दगड दुसऱ्या धर्माच्या छताखाली आजही उभा आहे. तिथे गेलात तर ती दफनभूमी आहे हे विसरू नका. आवाज कमी ठेवा, फोटो काढण्याआधी विचारा.

बांध दोघांचाही

बेटावर शेती आहे ती खाजनाची. नदीचं पाणी भरतीला खारं होतं. ते शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध आणि त्यात मानस, म्हणजे पाण्याची दारं. भरतीला दार बंद होतं, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं. हे बांध राखायचं काम पूर्वी गावकरी, म्हणजे पुढची कोमुनिदाद करायची. कोण देवळात जातो, कोण चर्चमध्ये, यावर बांध थांबत नाही. तो फुटला तर सगळ्यांचंच शेत खारं होतं, आणि एकदा खारं झालेलं शेत लगेच पिकत नाही. गोव्यात कितीतरी खाजनं अशीच पडीक झाली आहेत.

शेताच्या हद्दीवरून बेटावर एके काळी भांडणं व्हायची. ती मिटवायला पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणं लावली आणि लोकांनी ती पाडली, असं सांगतात. त्याच आठवणीतून बोंदेरां सण आला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तो होतो. आता भांडण नाही, फक्त निशाणं आणि बांबूच्या फोटाशी.

पूल की फेरी?

कोकण रेल्वे बेटावरून जाते, पण थांबत नाही. रस्त्याचा पूल नाही. पूल हवा म्हणणारेही आहेत. रात्री-अपरात्री आजारी माणूस न्यायचा तर फेरीची वाट बघावी लागते, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पूल आला की जमिनी विकल्या जातील आणि बेट बेट राहणार नाही, ही दुसऱ्यांची भीतीही खोटी नाही. निर्णय बेटावरच्या माणसांनीच घ्यायचा आहे. पण पूल होवो न होवो, बांध राखले नाहीत तर जपण्यासारखं फार थोडं उरेल.

गोकुळाष्टमीला नार्वेच्या तीर्थावर स्नानाला जाणार असाल, तर या वेळी फेरीने पलीकडेही जाऊन या. देऊळ, चर्च आणि खाजन तिन्ही एकाच दिवसात बघून होतात. शेवटची फेरी कितीला आहे, ते मात्र धक्क्यावर आधी विचारून घ्या.