वजन तेच, मग ताकद कुठे गेली?

वजनकाट्यावर आकडा तोच आहे. कपडेही तेच बसतात. मग जिना चढताना हल्ली कठड्याचा आधार का लागतो? बाबा खुर्चीतून उठताना दोन्ही हात का टेकवतात? "वय झालं" असं म्हणून आपण विषय संपवतो. पण खरं कारण बऱ्याचदा स्नायूंमध्ये दडलेलं असतं, आणि ते वजनकाट्याला दिसत नाही.

दोन डॉक्टर, एकच बीएमआय

ही गोष्ट सगळ्यात सोप्या पद्धतीने समजावली ती पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. ऑक्सफर्डमधल्या संशोधनाचा अनुभव घेऊन ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये आले आणि मधुमेहावर काम करू लागले. तेव्हा एक गोष्ट त्यांना खटकली. पुस्तकं म्हणत होती, हा आजार जाड आणि उतारवयातल्या माणसांचा. त्यांच्यासमोर मात्र तरुण आणि बारीक रुग्ण येत होते.

२००४ मध्ये त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा होता: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ, आतून चरबीदार. हाच तो प्रसिद्ध 'थिन-फॅट' भारतीय.

सुरुवात पाळण्यातच

हे फक्त आपल्या खाण्यापिण्यामुळे होतं का? १९९३ पासून याज्ञिक यांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या स्त्रियांचा गर्भारपणाच्या आधीपासून अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन होतं सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान होतीच, पण सगळ्या बाबतीत सारखी लहान नव्हती. स्नायू बरेच कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

म्हणजे आपल्यापैकी अनेकांची स्नायूंची पुंजी पहिल्यापासूनच कमी. त्यात साधारण तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटायला लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या झिजेला 'सार्कोपेनिया' म्हणतात. अमेरिकेतले संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हे नाव सुचवलं.

हे फक्त ताकदीपुरतं नाही. जेवणानंतर रक्तातली साखर शोषून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. ते कमी झाले की साखर सांभाळणं अवघड जातं. तोल जातो, पडण्याची भीती वाढते. आणि एकदा हाड मोडून अंथरूण धरलं की उरलेले स्नायूही झपाट्याने जातात.

नव्वदीतही उशीर झालेला नसतो

आता चांगली बातमी. १९९० मध्ये बोस्टनच्या डॉ. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धांच्या निवासी केंद्रातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना पायांचे वजनाचे व्यायाम दिले. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! दोघांनी तर हातातली काठी सोडली. मात्र व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांतच ताकद जवळपास एक तृतीयांश घटली. म्हणजे सातत्य हवंच.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर कोलकात्याचे मनोहर आइच बघा. उंची जेमतेम ४ फूट ११ इंच. ब्रिटिश काळात तुरुंगात असताना त्यांनी जोमाने व्यायाम केला आणि १९५२ मध्ये ते 'मिस्टर युनिव्हर्स' झाले. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती.

आजच घरी करून बघा

तुम्ही पुण्यात असा, बेळगावात असा किंवा कोलकात्याच्या बेहालात, यासाठी जिम लागत नाही.

• खुर्चीची चाचणी: हात छातीवर घडी घालून खुर्चीतून सलग पाच वेळा उठा आणि बसा. आशियाई तज्ज्ञांच्या निकषानुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. आजी-आजोबा करत असतील तर खुर्ची भिंतीला टेकवा आणि शेजारी उभे राहा.

• ताकदीचा व्यायाम: चालणं उत्तमच, पण तेवढं पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं असं काहीतरी करा. जमायला लागलं की थोडं वाढवा.

• ताटात प्रोटीन: नुसत्या पोळी-भातावर स्नायू बनत नाहीत. घट्ट वरण, मोडाची उसळ, पिठलं, दही, पनीर, अंडी, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. "आता वय झालं, रात्री चहा-खारी पुरे" ही सवय मोडा.

हृदयविकार, किडनीचा त्रास किंवा गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुलांनाही यात ओढा. ती मैदानावर कमावतील ते स्नायू त्यांना पुढे आयुष्यभर पुरवायचे आहेत. आणि आज संध्याकाळी आई-बाबांना "वजन किती?" असं विचारण्याऐवजी एकदा खुर्चीतून उठून दाखवायला सांगा.