रस्ते आधी, घरे मागाहून

घर पडले तर पुन्हा बांधता येते. त्यावर मजला चढविता येतो, दारे-खिडक्या बदलता येतात. रस्त्याचे तसे नाही. त्याच्या दोन्ही अंगांना घरे उभी राहिली आणि खरेदीखतांवर नावे चढली, की तो रुंद करणे वा पलीकडच्या रस्त्यास जोडणे दुष्कर होऊन बसते. शहराचे भवितव्य इमारतींपेक्षा रस्त्यांच्या आखणीवर अधिक अवलंबून असते, ते यामुळेच.

छत्रपती संभाजीनगरात या आखणीचे तीन नमुने शेजारी-शेजारी पाहावयास मिळतात. १६१० मध्ये मलिक अंबरने वसविलेल्या खडकीपासून वाढलेले जुने शहर अरुंद गल्ल्यांचे. पण पायी चालणाऱ्यास तेथे बाजार आणि दरवाजा जवळच. १९७० नंतरच्या दशकांत सिडकोने वसविलेल्या भागात आधी रस्ते आखले गेले, भूखंड मागाहून. तिसरा नमुना गुंठेवारीचा. शेतमालक आपल्या जमिनीचे तुकडे पाडतो आणि त्यांपुरताच रस्ता सोडतो. तो रस्ता शेताच्या बांधाशी संपतो. पलीकडचा मालकही तेच करतो. परिणामी, हाकेच्या अंतरावरील शाळेत जाण्यासाठी मुलांना हमरस्त्यापर्यंत वळसा घालावा लागतो आणि अग्निशामक बंब गल्लीच्या तोंडाशीच अडतो.

याचा दोष भूखंड घेणाऱ्या कामगारास देता येणार नाही. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांनी त्याला काम दिले; त्याच्या ऐपतीचे घर मात्र कोणी दिले नाही. शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी अधिनियम केला आणि २०२१ च्या दुरुस्तीने २०२० अखेरपर्यंतच्या वस्त्यांना त्याची कक्षा खुली केली. रहिवाशांना त्याने दिलासा मिळतो, हे खरे. परंतु नियमित होते ते बांधकाम. बांधाशी तुटलेला रस्ता केवळ शिक्क्याने जोडला जात नाही.

हा प्रश्न केवळ मराठवाड्याचा नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी २०२० मध्ये जगभरातील रस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७५ पासून जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते परस्परांशी अधिकाधिक तुटत गेले, असे त्यात आढळले. अमेरिकेत मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर हा प्रवाह उलटला. म्हणजे ही अधोगती अटळ नव्हे.

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावांनी यातून बोध घ्यावयाचा तो आजच. गावालगतच्या शेतात भूखंडांच्या खुणेचे दगड रोवले जातात, तेव्हाच एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: हा रस्ता शेजारच्या शेतातील उद्याच्या रस्त्यास मिळणार की नाही? तो विचारण्यास खर्च येत नाही. नकाशा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने तो विचारावा. त्याने न विचारल्यास ग्रामसभेने विचारावा. आज नकाशावर एक रेघ ओढून जे साधते, त्यासाठी वीस वर्षांनी कोणाचे तरी घर पाडावे लागते.