मुक्या जनावराचें दुखणें कसें ओळखावें

घरांतील मूल आजारी पडलें, तर कोठें दुखतें तें सांगतें. बैलाला तें सांगतां येत नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील सावलीच्या धानपट्ट्यांत ऐन रोवणीच्या दिवसांत जोडींतील एक बैल बसला, तर दुसराही निरुपयोगी होतो आणि चिखलणी अडते. ज्या शहरी कुटुंबांची शेती अशा गांवीं आहे, त्यांनींही जनावराची प्रकृति पारखण्याच्या चार खुणा समजून घ्याव्या.

पहिली खूण उष्णतामान. थर्मामीटरला दोरी बांधावी, टोंकास तेल लावावें आणि लाथ बसणार नाहीं अशा बेतानें बाजूस उभें राहून तो गुदद्वारांत आंतल्या अंगास टेकवून दोन मिनिटें धरावा. निरोगी बैलाचें उष्णतामान सुमारें 100.4 ते 102.8 अंश फॅरनहाइट असतें. माणसाला 102 अंश हा चांगलाच ताप, बैलाला नव्हे.

दुसरी खूण नाडी. घोड्याची नाडी खालच्या जबड्याच्या कडेशीं सांपडते. बैलाची शेपटीच्या खालच्या अंगास, मुळापासून सुमारें चार इंचांवर. शांत उभ्या बैलाचे ठोके मिनिटास 48 ते 84 पडतात, घोड्याचे अवघे 28 ते 44.

तिसरी खूण श्वास. दुरूनच कुशीची हालचाल मोजावी. विसाव्यांत ती मिनिटास सुमारें 15 ते 35 वेळां होते.

चौथी खूण रवंथ करणाऱ्या जनावरांचीच. डाव्या कुशीच्या खळग्यावर मूठ दाबून धरली, तर दोन मिनिटांत दोन-चार वेळां पोट मुठीला वर उचलतें. ही लाट थांबली किंवा खळगा ढोलासारखा फुगला, तर घरगुती उपायांत वेळ दवडूं नये.

मात्र ऊन, श्रम आणि संध्याकाळची वेळ यांनीं हे आंकडे वाढतात. म्हणून बैल धडधाकट असतांनाच, पहाटे कामापूर्वीं, कांहीं दिवस ते मोजून वहींत टिपावे. पावसाळ्यांतील घटसर्पांत ताप एकाएकीं चढतो, घसा सुजतो, श्वास घरघरतो आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावूं शकतें. अशा वेळीं "बैल खात नाहीं" एवढ्या निरोपानें डॉक्टरांस फारसें कळत नाहीं. "रोजचें उष्णतामान 101, आज 105" एवढें सांगितलें, तर दुखण्याची निकड त्यांस तत्काळ कळते. घटसर्पाची लस मात्र पाऊस सुरू होण्यापूर्वींच टोंचून घ्यावी.