उसाच्या पाल्याआडचं पाणी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत जो भेटेल तो एकच विचारत होता, आयर्विनला पाणी किती फुटांवर? इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली आणि २००५ च्या महापुराची खूणही पाण्याखाली गेली. फुटांचा आकडा तासातासाला गावभर पसरत होता. पण तो होता आयर्विन पुलाजवळच्या एका पट्टीवरचा. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांत पाणी शिवारात कुठवर शिरलंय, कोणती वाडी चहूबाजूंनी वेढली गेलीय, याचं एकसंध चित्र वरून पाहिल्याशिवाय मिळणारं नव्हतं. आणि वर तर आभाळ गच्च भरलेलं. प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहांच्या कॅमेऱ्यांना अशा दिवसांत पांढऱ्या ढगांपलीकडे काही दिसत नाही. पूर ओसरून ऊन पडलं की चित्रं झकास येतात, पण तोवर पंचनामे सुरू झालेले असतात.

ढगातून पाहायचं तर रडार लागतं. रडार स्वतःच रेडिओलहरी खाली सोडतं आणि परत आलेल्या लहरी टिपतं. त्याला रात्र आणि पाऊस फारसे आडवे येत नाहीत. संथ पाण्यावर तिरक्या पडलेल्या लहरी आरशावरच्या बॅटरीच्या झोतासारख्या पलीकडे निघून जातात, उपग्रहाकडे परत येत नाहीत. म्हणून रडारच्या चित्रात पाणी काळं दिसतं. युरोपचा सेंटिनेल-१ हा उपग्रह अशी चित्रं काढतो आणि युरोप ती जगाला फुकट देतो. २०१९ च्या महापुराचा अभ्यास करताना संशोधकांनी ती वापरलीही.

पण सांगलीत एक अडचण आहे, ती म्हणजे ऊस. ऑगस्टमध्ये आडसाली ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. त्याच्या बुडाशी दोन-तीन फूट पाणी तुंबलं, तरी वरून दिसतो तो हिरवा पालाच. सेंटिनेलच्या लहरींची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, त्या दाट पाल्यावरच बऱ्याचशा अडतात. लहर जितकी लांब, तितकी ती पाल्यातून आत जाते. २४ सेंटिमीटरची लहर बऱ्याच अंशी खाली पोचते, पाण्यावर आपटून उसाच्या बुडख्यावर जाते आणि तिथून उपग्रहाकडे उलटते. अशा शेतातलं पाणी काळं न दिसता उलट झगझगीत दिसतं. वाचणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर बुडालेलं रान तो कोरडं धरून चालेल.

ही २४ सेंटिमीटरची लहर सोडणारा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. नावातच नासा आणि इस्रो दोन्ही आहेत. लांब लहरीचं एल-बँड रडार अमेरिकेचं. सुमारे नऊ सेंटिमीटर लहरीचं एस-बँड रडार इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रात बनलेलं. ते कॅलिफोर्नियात नेऊन दोन्ही जोडली, आणि मार्च २०२३ मध्ये सगळं यंत्र अमेरिकी हवाई दलाच्या विमानानं बेंगळुरूला आलं. दोन्ही रडारांना मिळून बारा मीटर व्यासाची एकच जाळीदार तबकडी. ती तापेल की काय, अशी शंका आली म्हणून २०२४ मध्ये तबकडी पुन्हा कॅलिफोर्नियाला पाठवून तिच्यावर लेप चढवावा लागला. एकत्र काम करण्याची ही किंमत असते. एकाची शंका दोघांचं वेळापत्रक खाते.

मग हा खटाटोप कशासाठी? व्यासपीठावर याचं उत्तर ‘मानवजात’ या शब्दानं सुरू होतं. मला त्याहून साधं कारण पटतं. अमेरिकी शास्त्रज्ञांनी असं रडार हवं म्हणून २००७ मध्येच शिफारस केली होती, पण आखलेल्या मोहिमेचा खर्च झेपेना आणि ती छाटावी लागली. भारताकडे रॉकेट होतं, उपग्रहाचा सांगाडा होता, रडारचा अनुभव होता. लांब लहरीचं रडार आणि एवढी मोठी तबकडी नव्हती. एकूण खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर, त्यात भारताचा वाटा सुमारे ७८८ कोटी रुपयांचा. दोघांनाही एकेकट्यानं परवडलं नसतं. अंतराळातलं सहकार्य टिकतं ते अशा अडलेल्या गरजेवर. स्नेह जुळलाच तर नंतर.

दोघांच्या स्नेहाचा इतिहास तर फारच पातळ आहे. १९९२ मध्ये अमेरिकेनं इस्रोवर निर्बंध घातले होते. रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्र घेण्याचा करार हे त्याचं कारण. रशियानं पुढे तंत्र देण्यातून अंग काढून घेतलं, तयार इंजिनं तेवढी दिली. भारतानं मग स्वतःचं इंजिन करण्यात वीसेक वर्षं घालवली. ते इंजिन लावलेलं जीएसएलव्ही जानेवारी २०१४ मध्ये यशस्वी झालं आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टोरांटोत निसारच्या करारावर सह्या झाल्या. ज्या तंत्रावरून निर्बंध आले, त्याच जातीच्या रॉकेटनं अमेरिकेचं रडार वर नेलं. स्वतःच्या पायावर उभं राहणं आणि दुसऱ्याशी हात मिळवणं यांत निवड करावी लागते, असं आपल्याकडे उगाच मानलं जातं. इथं तर पहिलं जमलं म्हणून दुसऱ्याला बरोबरीचा दर्जा आला.

नदीच्या उगमाकडे, साताऱ्यात, याच उपग्रहाचं दुसरं काम आहे. एकाच जागेवरून बारा दिवसांच्या अंतरानं घेतलेली दोन चित्रं एकमेकांवर ठेवली की परतलेल्या लहरींच्या टप्प्यातला (फेजमधला) फरक काढता येतो. मधल्या काळात जमीन सेंटिमीटरभर सरकली असेल तरी तो फरक ते सांगतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. काही उतार कोसळण्याआधी महिनोन्महिने हळूहळू घसरत असतात. असे उतार झाडीखाली असले तरी लांब लहरीला ते हेरता येतात. एका रात्रीच्या पावसानं फुटणाऱ्या डोंगराबद्दल मात्र कुठलाही उपग्रह आधी काही सांगेल, अशी आशा धरू नये.

कोयनेच्या खोऱ्याला परदेशी शास्त्रज्ञांची वर्दळ नवी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप, धरणाच्या जलाशयाशी जोडला जाणारा भूकंप म्हणून जगभरच्या अभ्यासात आहे. या भूकंपांच्या अभ्यासासाठी इथं खोल विवर खणायचं ठरत होतं, तेव्हा २०११ मध्ये खोल खोदकाम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाची कार्यशाळा भरली. पुढे गोठणे इथं तीन किलोमीटर खोल विवर झालं आणि कराडला त्यासाठी भारत सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली. खालून विवरातली उपकरणं आणि वरून रडार, दोन्हीकडून एकाच खोऱ्याचं मोजमाप होऊ शकेल अशा जागा देशात फार नाहीत.

निसारची मर्यादा मात्र नीट समजून घेतली पाहिजे. बारा दिवसांच्या चक्रात तो एका जागेवरून दोनदा जातो. कृष्णेचं पाणी दोन दिवसांत दहा-पंधरा फूट चढू शकतं. म्हणजे पुराचा भोंगा म्हणून त्याचा उपयोग नाही. मधले दिवस भरून काढायला भारताचा ईओएस-०४ हा रडार उपग्रह हवा, युरोपचा सेंटिनेल हवा, आणखी कुणाचा असेल तो हवा. १९९९ मध्ये युरोप आणि फ्रान्सच्या अंतराळ संस्थांनी आपत्तीच्या वेळी एकमेकांच्या उपग्रहांची चित्रं विनामूल्य देण्याचा जाहीरनामा मांडला. इस्रो त्यात २००१ पासून आहे. एकट्या देशाला रोज सकाळ-संध्याकाळ रडारची फेरी घालता येत नाही, ही साधी अडचण त्यामागे आहे.

निसारची माहिती खुली आहे. अमेरिकेत ती अलास्कातल्या केंद्राकडून मिळते, आपल्याकडे इस्रोच्या ‘भूनिधी’ या संकेतस्थळावर. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातल्या किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला ती उतरवून घ्यायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. चांगला संगणक आणि वाचायला शिकवणारा माणूस मात्र लागतो. त्याची तरतूद जिल्हा नियोजनात कुठे आहे, हे विचारायला हवं.

कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा वादही इथंच येतो. कर्नाटकाला धरणाची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे, सांगलीकडे पूर वाढेल म्हणून महाराष्ट्राचा विरोध आहे. महापुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही, सांगलीतल्या अनेकांना ते पटलेलं नाही. निसारचा एक पट्टा २४२ किलोमीटर रुंद असतो. सांगलीचा घाट आणि अलमट्टीचा जलाशय त्यात एकत्र मावू शकतात. मग पसरलेल्या पाण्याची कडा मुंबई आणि बेंगळुरू दोघांनाही सारखीच दिसेल. पण त्या चित्रात विसर्ग नसतो. दरवाजे किती उघडले, किती क्युसेक सोडलं, हे धरणावरच्या अभियंत्यानं वेळेवर कळवायचं आणि दोन्ही राज्यांनी ते जाहीर करायचं, हे काम अजून जमिनीवरचंच आहे. अहमदाबाद आणि कॅलिफोर्निया यांच्यात जुळलेलं रडार त्यात मदत करू शकत नाही.